१९६७ची एमजीबी, वीस वर्षं शेडमध्ये उभी. घ्यावी की सोडावी?

रामदासपेठकर

नमस्कार मंडळी. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश टू-सीटर स्पोर्ट्स कार) उभी आहे. वीस वर्षांत हललेली नाही. टिनाचं छप्पर आहे. खाली अर्धी फरशी, अर्धी माती, आणि गाडीची उजवी बाजू मातीवर आहे. जे दिसलं ते लिहितो:

बॉनेटखालच्या पट्टीवर नंबर जीएचएन३ पासून सुरू होतो. इंजिनच्या पट्टीवर १८जीबी-यू-एच. स्टिअरिंग उजवीकडे, तारेची चाकं, दोन एसयू कार्बोरेटर जागेवर. लाल रंग आहे, पण कंपनीचा नाही, मधे कधीतरी जाड मारलेला. हूड (वरचं कापडी छप्पर) फाटका, सीटचं चामडं तडकलेलं. इंजिन फिरतं की जाम आहे ते माहीत नाही. आरसी बुक आजोबांच्या नावावर आहे. ते वारले, वारस तीन, त्यातले एक पुण्याला.

ते ९ लाख म्हणून राहिले. माझं सगळं मिळून बजेट १५ लाखांचं. आमचे मेकॅनिक म्हणतात, "इंजिन फुटलं नसेल तर बाकी सगळं होऊन जाते." हे कितपत खरं?

दुसरा पर्याय २०००ची सॅन स्टॉर्म (देशातच बनलेली टू-सीटर), चालू स्थितीत, साडेचार लाखांत. वापर म्हणाल तर रविवारी पहाटे फुटाळा, महिन्यातून एखादवेळी रामटेक. बघायला जाताना काय काय तपासू, तेवढं क्रमानं सांगा.

---

पत्रा_आणि_रंग

मेकॅनिकभाऊंचं म्हणणं या गाडीला उलटं लागू होतं. एमजीबीचं इंजिन हा तिच्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. १७९८ सीसीचं ओतीव लोखंडाचं, चार सिलिंडरचं इंजिन, आणि त्याचे भाग आजही नवे मिळतात. गाडी जाते ती पत्र्यानं. हिला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. रोडस्टरला वर छप्परही नाही, म्हणून सगळी ताकद दाराखालच्या दोन सिलमध्ये आणि मधल्या बोगद्यात आहे. सिल सडली की गाडी मधून वाकते.

सिल म्हणजे बाहेरून दिसणारा एकच पत्रा नव्हे. बाहेरची सिल, आत उभा पडद्यासारखा पत्रा, त्याच्या आत आतली सिल, आणि खालून फ्लोअरला जोडणारी नागमोडी पट्टी. हे सगळं मिळून बंद पेटी होते. बाहेरच्या सिलचं पुढचं टोक पुढच्या मडगार्डखाली आणि मागचं टोक मागच्या मडगार्डखाली शिरतं. म्हणून नीट काम करायचं तर पुढचं मडगार्ड बोल्ट काढून खोलावं लागतं आणि मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो. हे टाळायला अनेक ठिकाणी जुन्या सडक्या सिलवरच नवा पत्रा चढवतात आणि कडेनं टाके मारतात. वरून चकाचक दिसतं, आत काहीच उरलेलं नसतं. तुमच्या गाडीला मधे जाड रंग मारलाय म्हणता, तेव्हा हीच शंका पहिली घ्या.

जाताना लहान लोहचुंबक, जाड स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, फीलर गेज किंवा मिमीची पट्टी, एक ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) न्या. जुना बनियन न्या, खाली झोपायचं आहे.

पहिलं काम, दाराच्या फटी. गाडी चारही चाकांवर असताना दाराच्या मागच्या कडेची फट वर, मधे आणि खाली मोजून लिहा. चार-पाच मिमी असावी आणि वरपासून खालपर्यंत सारखी असावी. वर चिंचोळी, खाली रुंद असेल तर गाडी मधून खचलेली आहे. दार उघडून सोडा आणि परत लावा. ते वर उचलून लावावं लागत असेल तर आधी बिजागरीची पिन झिजली का ते पाहा, नाहीतर उगाच सिलला दोष जाईल.

दुसरं, जॅकची परीक्षा. सिलच्या मध्याजवळ खालून जॅक लावायची कंपनीची जागा आहे. तिथे लाकडाचा ठोकळा ठेवून हळू उचला. पत्रा करकरला किंवा जॅक आत जाऊ लागला तर तिथंच थांबा, उत्तर मिळालं. नाही करकरला तर चाकं जेमतेम सुटेपर्यंत उचला आणि फट परत मोजा. मधे उचलली की गाडीची दोन्ही टोकं खाली लोंबतात, त्यामुळे कमजोर सिलच्या गाडीची वरची फट रुंदावते. अर्धा-पाऊण मिमीचा फरक चालतो. दोन मिमी झाला तर ती पेटी पेटी राहिलेली नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळं करा.

तिसरं, चुंबक. सिलवर, चाकांच्या कमानीवर, पुढच्या मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावर फिरवा. तो कोपरा मुद्दाम सांगतो. चाकानं उडवलेला चिखल आत एका कप्प्यात साचून राहतो आणि पत्रा आतून बाहेर सडतो. चुंबक पकडत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बोटाच्या पेराएवढी जागा असेल तर हरकत नाही, तळहाताएवढी असेल तर खाली पत्रा नाही असं समजा.

चौथं, खाली झोपा. मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक जिथं बॉडीला बसतं, ती जागा दोन्हीकडे स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून पाहा. सिल सडते तेव्हा बहुतेक वेळा हीही सडलेली असते, आणि धावताना मागचं सगळं वजन तिच्यावर येतं. मग सीटमागची फळी उचला. खाली दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांचे डबे लटकलेले असतात. ॲसिड सांडून त्यांचा तळ जातो. ते नवे लावणं फार मोठं काम नाही, त्यासाठी गाडी सोडू नका. फ्लोअर, डिकीचा तळ, पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू हेही बघा. टाकी वरून सडते, कारण ती आणि डिकीचा तळ यांच्या मधल्या फटीत माती बसते.

आपल्याकडची हवा मुंबई-कोकणापेक्षा पत्र्याला कितीतरी बरी. खारा वारा नाही, आठ महिने कोरडे. पण गाडी मातीवर उभी असेल तर चार महिने पावसाळ्याची ओल खालून चढत राहते, आणि ती बंद पेटीत शिरली की आत वाळत नाही. म्हणून उजवी बाजू डावीपेक्षा दुप्पट वेळ देऊन बघा.

नवे पत्रे इंग्लंडहून येतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज तर आजही पूर्ण बॉडी बनवते. पण पूर्ण बॉडी आणायचा विचार तुमच्या बजेटमध्ये बसत नाही, आणि कागदपत्रांतही अडतो. ते दुसरं कोणी सांगेलच.

---

ट्विनकार्ब

पत्र्याचं वर आलंच आहे, मी इंजिनाचं आणि आपल्या उन्हाचं सांगतो.

आधी नंबर वाचून घ्या. जीएचएन३ म्हणजे मार्क १ रोडस्टर. १८जीबी म्हणजे पाच मेन बेअरिंगचा क्रँक, हा चांगला. १९६४च्या शेवटापर्यंत तीन बेअरिंगचा येत असे. "यू" म्हणजे गिअरचा दांडा मधे, "एच" म्हणजे हाय कॉम्प्रेशन. ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा जादा वरचा गिअर) असता तर "आरयू" लिहिलेलं असतं. म्हणजे विकणारे ओव्हरड्राइव्ह आहे म्हणाले तर पट्टीवर तसं नाही. नसलं तरी रामटेकपर्यंत काही अडत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो. गाडी थांबल्याशिवाय पहिला टाकला की खर्र आवाज येणारच, तो दोष नाही.

या मॉडेलला अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली. हे विसरून कोणी आजची बॅटरी नेहमीसारखी जोडली तर टॅकोमीटर जळतो आणि डायनामोचं ध्रुवीकरण उलटं होतं. जोडण्याआधी बॅटरीच्या डब्यापासून बॉडीला कुठली केबल गेली आहे ते डोळ्यांनी पाहा.

वीस वर्षं उभ्या इंजिनाला स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात वीस-पंचवीस मिली ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि डिझेल निम्मं-निम्मं करून सोडा. चार दिवस राहू द्या. मग गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून हातानं अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे असं हलवा. अडलं तर जोर करू नका, आणखी चार दिवस द्या. पिस्टनच्या रिंगा बोअरला चिकटलेल्या असतात. जबरदस्ती केली तर रिंग तुटते आणि बोअरला ओरखडा जातो. विकणाऱ्यांनी एवढी परवानगी दिली नाही तर इंजिन जाम आहे असं धरूनच भाव करा.

फिरलं तर तेल बदलून स्टार्टरवर कॉम्प्रेशन घ्या. चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चांगल्या इंजिनला १५० ते १६० पीएसआय येतं. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण चारही एकमेकांच्या जवळ पाहिजेत. कमी असलेल्यात चमचाभर इंजिन तेल टाकून परत घ्या. वाढलं तर रिंगा आणि बोअर, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड. शेजारच्या दोघांतच कमी असेल तर मधलं गॅस्केट. या हेडमध्ये २ आणि ३ नंबरचा एक्झॉस्ट एकाच तोंडातून निघतो, तिथं सगळ्यात जास्त तापतं आणि व्हॉल्व्ह सीटच्या मधे तडा जातो. हेड उतरवलं की ती जागा डाय पेनेट्रंटनं (तडा दाखवणाऱ्या रंगानं) तपासून घ्या, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

बोअर करायची वेळ आली तर २०, ३०, ४०, ६० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजचे पिस्टन मिळतात. आधी कोणी ६० केलेलं असेल तर पुढे लायनर घालावा लागेल, म्हणून पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचा. हेड उतरवलंच आहे तर एक्झॉस्टच्या सीटा कठीण इन्सर्टच्या करून घ्या. देशात २००० सालापासून शिशाशिवायचं पेट्रोल आहे आणि जुन्या ओतीव सीटा त्यात हळूहळू आत बसत जातात. हिंगणा एमआयडीसीत व्हॉल्व्ह सीटचं आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम होतं, मशीनवाल्याला मापं मात्र इंचात द्या.

इंच म्हटलं म्हणून एक बारीक खूण सांगतो. या गाडीचे नट-बोल्ट इंची आहेत, ७/१६, १/२, ९/१६चे. ज्या मेकॅनिककडे मिलिमीटरचेच पाने होते त्यानं १/२च्या जागी १३चा लावलेला असतो. मॅनिफोल्डचे, वॉटर पंपचे, स्टिअरिंग बॉक्सचे नट टॉर्चखाली पाहा. सहाही कोपरे धारदार असतील तर हात जाणत्याचा होता. गोल झालेले असतील तर आतही तसंच काम झालं असणार.

आता ऊन. या गाडीत इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत आणि कार्बोरेटर थेट एक्झॉस्टच्या वर बसतात. मे महिन्यात ४५ अंशाला सिग्नलवर पाच मिनिटं उभी राहिली की फ्लोट बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल उकळतं. इंजिन अडखळतं, बंद पडतं, आणि लगेच सुरू होत नाही. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधे पत्र्याची उष्णता अडवणारी ढाल असते. ती आहे का ते बघा, खूपदा कोणीतरी काढून फेकलेली असते. तिच्यामागचं जाड फायबरचं पॅकिंगही पाहिजे. रेडिएटर रॉडिंग करून घ्या आणि ब्लॉकचे गोल प्लग काढून आतला गाळ खरवडा. तो मागच्या ४ नंबर सिलिंडरभोवती साचतो आणि रेडिएटर नवा टाकला तरी गाडी गरमच होते. थर्मोस्टॅट ८२ ऐवजी ७४ अंशाचा टाका, गरम देशांसाठी कंपनीनं तोच सांगितलेला आहे.

पेट्रोल आता ई-२० आहे. जुनी रबरी पेट्रोल नळी आतून सुजून सोलते आणि तिचे कण एसयूच्या सुईवर अडकतात, मग बाऊल ओसंडून पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं. आग लागायचं कारण हेच. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी नळी जे३० आर९ लिहिलेली घ्या, फ्लोटच्या सुया व्हिटॉन टोकाच्या घ्या. हा खर्च किरकोळ आहे आणि तो सगळ्यात आधी करा. मिश्रण कार्बोरेटरखालच्या नटानं एक-दोन सपाट बाजू एवढं श्रीमंत (पेट्रोल जास्त) करावं लागेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

ब्रेक सिंगल सर्किट आहे. एक नळी गळाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. वीस वर्षं उभ्या गाडीचा मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, तिन्ही रबरी होस आणि पुढच्या कॅलिपरचे सील सगळे बदलायचेच आहेत. हे बदलल्याशिवाय गाडी बंगल्याच्या फाटकाबाहेर स्वतःच्या ताकदीवर काढू नका, फ्लॅटबेडवरच न्या.

तारेच्या चाकाला जॅकवर उचलून कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. हब जागेवर आणि चाक हललं तर आतले दाते झिजलेत. नव्या चाकासोबत हबही बदलावा लागतो, कारण झिजलेल्या हबवर नवं चाक वर्षभरात जातं. मधल्या नटावर खोलायची दिशा कोरलेली असते, दोन्ही बाजूंची उलट असते. तांब्याचा हातोडा वापरा.

---

फॉर्म_एकोणतीस

भावाच्या आधी कागद. ही गाडी तुम्हाला आज कोणीच विकू शकत नाही, कारण मालक हयात नाहीत. क्रम असा आहे. आधी वारसांपैकी एकाच्या नावावर गाडी आली पाहिजे, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आणि बाकी दोन वारसांचं संमतीपत्र व प्रतिज्ञापत्र. पुण्याच्या वारसांची सही तिथल्या नोटरीसमोर झाली तरी चालते. त्यानंतर त्या वारसाकडून तुमच्या नावावर फॉर्म २९ आणि ३०. एका वारसाला पैसे देऊन "बाकीच्यांचं बघून घेऊ" यावर विसंबू नका. तिसऱ्यानं नंतर हरकत घेतली तर पैसा आणि गाडी दोन्ही अडकतात.

इतकी जुनी नोंद वाहन पोर्टलवर बहुधा नसते. आरटीओकडून मूळ रजिस्टर पाहून बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद पोर्टलवर चढवणं) करून घ्यावी लागते. ही एंट्री विक्रेत्यांनी पैसे घेण्याआधी करून द्यावी असा आग्रह धरा. आरसी बुकवर कर्जाचा शिक्का असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५.

पुढे नोंदणी कुठल्या प्रकारात ठेवायची ते ठरवा. जुलै २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त झालेली खाजगी गाडी त्यात बसते, ही बसते. नव्यानं नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, नवीन नोंदीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पण दोन अटी नीट वाचा. एक, अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरती रस्त्यावर काढायची आहे. तुमचं रविवारचं फुटाळा आणि रामटेक त्यात सरळ बसत नाही. दोन, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणून दुसरं डिझेल इंजिन बसवायचा सल्ला कोणी दिला तर तो मोडीत काढा. पूर्ण नवी बॉडी आणायचा मार्गही इथेच अडतो.

रोज हवी असेल तर नेहमीची नोंदणी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५, तपासणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, एचएसआरपी (सुरक्षा नंबरप्लेट). नूतनीकरण वीस वर्षं राहिलं असेल तर दंडाचा आकडा आधी आरटीओतून काढून घ्या आणि तो विक्रेत्यांच्या भावातून वजा करा.

आणि पत्रेवाल्याकडे देताना बॉनेटखालची चेसिस पट्टी स्वतः काढून घरी ठेवा, आधी जागेवर असतानाचे फोटो काढा, रंगानंतर स्वतः बसवा. रंगाच्या कामात ही पट्टी हरवली की आरटीओत गाडीची ओळख पटवायला काही उरत नाही.

---

इतवारी_टू_सीटर

स्टॉर्मबद्दल थोडं. फायबरची बॉडी असल्यानं वर गंज नाही, पण खाली लोखंडी सांगाडा आहे आणि तो फायबरच्या आड दिसत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन सांगाड्याचे जोड बघा. फायबरवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असतील तर तिथं कधीतरी ठोकर बसली आहे. बिजागरीजवळचे आणि बंपरच्या बोल्टजवळचे तडे रंगानं झाकतात, पण पुन्हा उमटतात.

इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोला होतं, म्हणून बेल्ट, गॅस्केट, वॉटर पंप बाहेरून आणता येतात. टायमिंग बेल्ट किती किलोमीटर झाला ते विचारू नका, वयानंच बदला. खरी अडचण दिवे, काचा, हूडची फ्रेम, दारांचे रबर. ते कुठेच नवे मिळत नाहीत. एखादी काच फुटली तर साचा करून घ्यावा लागतो. गाडी पूर्ण असेल तरच घ्या, आणि २०००ची असल्यानं व्हिंटेजमध्ये बसत नाही, पाच वर्षांचं नूतनीकरण लागेलच.

एमजीबीचा प्रत्येक रबर, प्रत्येक क्लिप विकत मिळते. दोन्ही गाड्यांतला मोठा फरक तोच आहे.

---

रामदासपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा जाऊन आलो, मधे सिलिंडरांत तेल सोडून चार दिवस ठेवलं. नोंदी देतो.

फट, चाकांवर असताना: डावं दार वर ४.५, खाली ४.५. उजवं दार वर ३, खाली ५.

जॅकवर: डावीकडे वरची फट ५ झाली. उजवीकडे पत्रा करकरला नाही, पण वरची फट ३वरून साडेपाच झाली. बिजागरीची पिन टाइट आहे.

चुंबक: डावीकडे सगळीकडे पकडतो. उजव्या सिलच्या मागच्या अर्ध्या भागात आणि मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढे तळहाताएवढ्या जागेत पकडत नाही. पाट्याच्या पुढच्या टोकाजवळ उजवीकडे स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला, डावीकडे टणक आहे. बॅटरीचे दोन्ही डबे गेलेले. मडगार्डखालून टॉर्च मारला तर उजवीकडे सिलवर दुसरा पत्रा चढवलेला स्पष्ट दिसला.

इंजिन पान्यानं फिरलं. कॉम्प्रेशन १४५, ९५, ९०, १४०. तेल टाकून परत घेतलं, १०० आणि ९५. तेलात पाणी नाही. नटांचे कोपरे धारदार आहेत. उष्णतेची ढाल जागेवर आहे.

तिन्ही वारस एकत्र सही करायला तयार आहेत, बॅकलॉग एंट्रीचं ते करून देतो म्हणाले.

---

ट्विनकार्ब

१४५ आणि १४० पाहता बोअर आणि रिंगा चांगल्या आहेत. २ आणि ३ शेजारी शेजारी कमी आणि तेलानं वाढलं नाही म्हणजे मधलं गॅस्केट, नाहीतर मधला तडा. गॅस्केट असेल तर हेड फेस करून ४५ ते ५० फूट-पाउंडला टप्प्याटप्प्यानं आवळा. तडा निघाला तर दुरुस्तीपेक्षा दुसरं हेड आणणं बरं. भाव करताना दुसरं हेड धरूनच करा. बाकी खालचं इंजिन उघडू नका. सुरू झाल्यावर गरम असताना चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय ऑइल प्रेशर दिसलं तर ते इंजिन तसंच वापरा.

---

पत्रा_आणि_रंग

भाऊ, तुम्ही नीट मोजलं म्हणून आता अंदाज करता येतो. डावी बाजू मूळ आणि शाबूत आहे, हे फार मोलाचं. एक बाजू सरळ असली की दुसरी त्याच मापानं बांधता येते. दोन्ही गेल्या असत्या तर मी फुकटातही घेऊ नका म्हटलं असतं.

उजवीकडे लागेल ते असं: बाहेरची सिल, उभा पडदा, आतली सिल, नागमोडी पट्टी, पाट्याच्या पुढच्या टोकाचा कंस, मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा, पुढच्या मडगार्डचा खालचा कोपरा, दोन बॅटरीचे डबे. हे पत्रे तयार मिळतात, ते आणा. इथं हातानं वाकवलेल्या पत्र्यात सिलची गोलाई येत नाही आणि दाराखालची रेषा कायम खटकते. कुरियर आणि कस्टम मिळून इंग्लंडच्या किमतीच्या दीडपट धरा. उजव्या बाजूच्या पत्र्याला कुशल दोन माणसांचे तीन-चार आठवडे. वेल्डिंग सीओटूचं घ्या, गॅसचं नको. गॅसनं पातळ पत्रा तापून लहरी येतो आणि मग लांबीचा थर वाढत जातो.

खर्चाचा माझा हिशोब: पत्रे आणि त्यांचं काम अडीच ते तीन लाख, पूर्ण रंग दोन लाख, हेड धरून इंजिन दीड, ब्रेक, होस, पेट्रोल लाइन, टायर आणि चाकं दोन, हूड आणि सीट दीड. साडेनऊ-दहा लाख. कामाला लागल्यावर आणखी निघणारच, त्यासाठी दीड लाख बाजूला ठेवा. म्हणजे तुमच्या १५ लाखांत गाडीसाठी साडेतीन-चार उरतात. नऊला ही गाडी बसत नाही.

चार सांगा आणि आकडे त्यांच्यासमोर ठेवा. फटीची नोंद आणि चुंबक न पकडलेल्या जागांचे फोटो दाखवा, बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं. पाचपर्यंत जायचं असेल तर रंग पुढच्या वर्षावर ढकला. प्रायमर आणि सिलच्या आत मेण मारून गाडी वर्षभर तशीच वापरता येते, उलट वेल्डिंगच्या जागा बसल्यावर केलेला रंग जास्त टिकतो. सहाच्या वर गेले तर सोडून द्या.

घेतलीत तर एक गोष्ट पत्रेवाल्याकडून आधी कबूल करून घ्या. उजवी सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीचे चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाक्यांनी बसवायचे. गाडी घोड्यांवर पुढे, मधे आणि मागे अशी सारखी टेकवायची, दोनच टोकांवर नाही. आत्ता उजवं दार वर ३ आहे, ते पाइप लावण्याआधी मधे हलका जॅक देऊन डावीसारखं साडेचारला आणायचं आणि मगच चौकट बांधायची. नवी सिल नुसती चिमट्यांनी धरून दार आणि पुढचं मडगार्ड दोन्ही लावून बघायचं, फट वर-खाली सारखी आली की मग टाके. टाके एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सलग मारायचे नाहीत. एक पुढे, एक मागे, एक मधे असे मारायचे आणि दर पाच-सहा टाक्यांनी दार उघडून-लावून बघायचं.